ईश्वरीबाईंचा फळा

रंगभूमीवर मी पुष्कळ राण्या पाहिल्या, दोनचार स्वतः झालोही. पण पिंपरीच्या निर्वासित छावणीतल्या ईश्वरीबाई वर्गात शिरायच्या, तसा प्रवेश मला कधी साधला नाही. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात खडूचा तुकडा, आणि पोरं आपोआप गप्प.

बोलपटांनी आमची नाटक कंपनी बुडवली, बरीच वर्षं इकडंतिकडं भटकून शेवटी मी चिंचवडला खोली घेतली आणि शाळेत कविता म्हणायला शिकवू लागलो. त्रेपन्न साल असावं. शाळेत निम्मी पोरं गावच्या शेतकऱ्यांची, निम्मी सिंधमधून आलेल्यांची. सिंधी पोरं वर्षानुवर्षं पहिलीतच बसून असत. मास्तर काय बोलतात तेच त्यांना कळत नसे.

ईश्वरीबाई सिंधमध्ये शिक्षिका होत्या. नवरा फाळणीत गेला. इथं बराकीत एकट्या राहायच्या. त्यांनी शिक्षणखात्याच्या मागे लागून एक वर्ग मिळवला, दोन्ही भाषांत शिकवणारा. परवानगी एका वर्षाची. पुढं तो चालवायचा की नाही, ते खात्याचे शाळा तपासणारे अधिकारी, दिपोटीसाहेब, तपासणीला येऊन ठरवणार होते.

त्यांचा फळा मला अजून दिसतो. मधोमध उभी रेघ. डावीकडून मराठी लिहायच्या, उजवीकडून सिंधी, कारण ती लिपी उजवीकडूनच चालते. दोन्ही ओळी रेघेपाशी येऊन भेटायच्या. तरटावर एका सिंधी पोराशेजारी एक गावचं पोर. नऊ वर्षांच्या भगवंतीशेजारी गावातल्या ठकुबाईची मुलगी तानी बसे. गोष्ट भगवंतीला आधी सिंधीत कळायची. मग ती हातवारे करून तानीला सांगायची आणि तानी तिला मराठी शब्द पुरवायची.

"तानी, पाणी कुठे गेली?"

"गेली काय? पानी काय बाईमानूस हाय व्हय?"

दोघी खिदळायच्या. वर्षभरात भगवंती गुणाकार करू लागली, मोडकंतोडकं बोलूही लागली.

छावणीची एक रीत होती. कुणी अधिकारी आला की फाटक्या गोधडीवर शेजारणीची धुतलेली चादर घालायची आणि पितळी पेल्यातून सरबत द्यायचं. सारं गमावलेल्या त्या माणसांना दीन दिसायचं नव्हतं. मदतीचे साहेब यायचे, चादर बघायचे, आणि 'बरं चाललंय तुमचं' म्हणून जायचे.

ईश्वरीबाईंनी वर्गावरही तीच चादर घातली. साहेब येणार म्हणून भगवंतीकडून शुद्ध मराठीत स्वागताचं भाषण पाठ करून घेतलं.

मी म्हणालो, "बाई, मी कानडी पदं गाऊन टाळ्या घेतल्यात. अर्थ मला आजही ठाऊक नाही. पोरीला येतं तसं बोलू द्या. साहेबांना कळू दे, तिला अजून तुमची गरज आहे."

"दादा, तुम्ही नट," त्या म्हणाल्या. "तुम्ही फाटका सदरा घालून आलात, तर लोक टाळ्या देतात. आम्ही घातला, तर म्हणतात, हे भिकारीच."



तपासणीच्या दिवशी भगवंती उभी राहिली. "पूज्य साहेब, आपल्या आगमनानं आमची शाळा पावन झाली." आवाज खणखणीत, विराम जिथल्या तिथं. साहेब भला माणूस, त्यांना गहिवरून आलं. हेडमास्तर सोपानरावांना म्हणाले, "ही पोर आमच्या पुण्याच्या मुलींना मागं टाकील." मग त्यांनी फळ्याच्या सिंधी बाजूकडे बोट केलं. "एवढं मराठी येतंय, तर ही निम्मी जागा कशाला अडवलीय?"

ईश्वरीबाईंचे ओठ हलले. पण पोरीला भाषणातलं काही कळत नाही, हे तिच्यादेखत कसं म्हणायचं? त्यांनी सरबताचा पेला पुढं केला.

जूनमध्ये तो वर्ग बंद झाला. रेघ पुसली गेली. भगवंती सोपानरावांच्या वर्गात आली आणि तानीला दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी भगवंतीला उठवून धड्यातलं काही विचारलं. मी शेजारच्या वर्गात होतो. तिथून सगळं ऐकू येत होतं. नट घाबरला की त्याच्या तोंडी भलत्याच नाटकातलं वाक्य येतं. भगवंतीच्या तोंडी तिचं पाठ असलेलं एकुलतं मराठी आलं. "पूज्य साहेब, आपल्या आगमनानं..."

वर्ग हसून लोळला. गुरुजींना थट्टा वाटली. त्यांनी छडी उचलली.

"गुर्जी, तिला कळलंच न्हाई," तानी म्हणाली. तिलाही छडी मिळाली.

भगवंती पुन्हा शाळेत आली नाही. थोड्या दिवसांनी तानी मला घेऊन बराकीत गेली. ईश्वरीबाई आता पोटासाठी पापड लाटत होत्या. भगवंती शेजारी बसून लाट्या करत होती. तिनं मान वर केली नाही. तानीनं वर्गात घडलेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, ही शाळंत कदी येनार?"

ईश्वरीबाई उठल्या. आम्ही आलो म्हणून खाटेवर घातलेली चादर त्यांनी ओढून काढली, नीट घडी घातली आणि शेजारणीकडे देऊन आल्या. खालची गोधडी, तिच्या साऱ्या ठिगळांसकट, दारातून दिसत होती.

पुढं मी अनेकदा गेलो. ती चादर खाटेवर पुन्हा दिसली नाही. साहेबही कुणी आला नाही.