पोरांनी ठरवायची शाळा

बातमीत जे बसत नाही, त्याचे किस्से होतात. माझा जन्म पत्रकारितेत गेला, त्यामुळे असे किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण नोकरी सुटल्यावर मी मालवणजवळच्या आमच्या वाडीत, राहत्या घराच्या पडवीत शाळा काढली आणि तेव्हापासून किस्से सोडून दुसरं काही साचेनाच!

शाळेचा नियम एकच. काय शिकायचं ते मूल ठरवणार. दर सोमवारी सकाळी पोरांनी आपापलं सांगायचं आणि मी त्यांच्यामागे धावायचं. घोकंपट्टीविरुद्ध आयुष्यभर लिहिलं, कोणी ढिम्म हललं नाही. म्हटलं, आता करूनच दाखवतो. पाच पोरं मिळाली. घरात मी एकटाच, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.

*

शाळेच्या घोषणेसाठी मी पत्रकार परिषद बोलावली. तालुक्यातल्या झाडून सगळ्यांना फोन केले. त्यातल्या निम्म्यांना बातमी लिहायला मीच शिकवलं होतं. पंधरा खुर्च्या मांडल्या, कांदाभजी मागवली.

एकच जण आला. भजी खाल्ली, माझं तासभराचं भाषण ऐकलं आणि पेन बाहेर काढून म्हणाला, "भाऊ, ही बातमी म्हणून घेऊ की जाहिरात म्हणून?"

मी भडकलो. "अरे, बातमी म्हणजे काय, हे तुला मी शिकवलं!"

"म्हणून तर विचारतोय, भाऊ."

*

पहिल्या पालकसभेत मी तावातावानं बोललो. प्रत्येक मूल वेगळं, प्रत्येकाची गती वेगळी, मूल सांगेल ते आणि तसं शिकवणार! स्वरा नावाच्या पोरीचा बाप बाबल तांडेल होडीवरून थेट आला होता. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझा चेडू सांगतला आणि तुमी ऐकतलास?"

"अगदी बरोबर!"

"मगे ता घराकडे काय वेगळा चालता?"

सभा हसली. मी सोडून. पण दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन पहिला हजर झाला तो बाबलच.

*

ओंकार नावाचा एक पोर होता. पहिल्या सोमवारी त्यानं जाहीर केलं, "माका कायच शिकूचा नाय."

तत्त्व म्हणजे तत्त्व! मी म्हटलं, ठीक आहे. तो माडाखालच्या झोपाळ्यावर आडवा झाला. दुसरा आठवडा, तिसरा आठवडा, स्वारी झोपाळ्यावरच. मी पडवीतल्या खुर्चीतून नजर ठेवून. आता याच्या आतून कुतूहल उमलेल, मग उमलेल! माझं ब्लडप्रेशर वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

एका दुपारी तो उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आला, प्रश्न आला!

"काका, तुमी दिसभर हयच बसान असतास. तुमका कोण नाय?"

मी त्याला पाणी प्यायला आत पाठवलं.

*

मग तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. सरकारी माणूस दिसला की माझ्या बाह्या आपोआप वर जातात. साहेबांनी स्वराला विचारलं, "बाळ, तू कितवीत?"

स्वरा म्हणाली, "कशात?"

"म्हणजे?"

"गणितात तिसरेत. वाचूक पाचवेत. माशात धाव्वेत."

"लिहा, साहेब!" मी ओरडलो. "लिहून घ्या! तुमच्या रकान्यात बसतंय का बघा!" मग मी त्यांना अर्धा तास सोलून काढलं. साहेब खाली मान घालून ऐकत राहिले. जाताना मात्र फाटकाशी थांबले. ऑफिसची मराठी गळून पडली.

"भाऊ, माझो झील नववेत आसा. घरात कोणाशी बोलणाच नाय. तुमच्याकडे येयत काय तो?"

"उद्या आणा."

त्यांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "नको. लोक इचारतले." आणि गाडीत बसले.

पुढं कारवाई झाली नाही. मुलगाही आला नाही.

*

मुंबईहून एक ग्रुप आला होता. पर्यायी शिक्षणावर व्हिडिओ करणारे. "वॉव, किती ऑथेंटिक!" दर दोन मिनिटांनी. स्वरा आंब्यावर चढली होती, ते त्यांना फार आवडलं. ती उतरली तर कॅमेरावाला म्हणाला, "बेटा, परत चढ ना, अँगल चुकला."

"मी कधी चढाचा ता मी ठरवतंय," स्वरा म्हणाली. "तुमका होया तर तुमी चढा."

पठ्ठ्या खरंच चढला! आंब्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

निघताना मी विचारलं, "तुमची मुलं कुठल्या शाळेत?" सगळ्यांची इंटरनॅशनल बोर्डात. "आमच्याकडे असं कुठं मिळतं, सर!" म्हणाले आणि अंग खाजवत गाडीत बसले.

*

मग तिठ्यापर्यंत पिवळी स्कूलबस यायला लागली. इंग्लिश मीडियमची. माझी पोरं एकेक करून तिच्यात चढली. बाजारात आयाबाया मला बघून मासळीत तोंड घालायला लागल्या. ओंकारची आई तेवढी समोर आली. "भाऊ, राग मानू नकात हां. तुमी वायट शिकवतास असा नाय. पण तेका टाय बरी दिसता."

तीन दशकं मी मंत्र्यांना उत्तरं दिली. टायला काय उत्तर देणार?

उरली स्वरा. एक विद्यार्थिनी, एक शिक्षक. यापेक्षा वैयक्तिक शिक्षण जगात कुठं असेल! मी तसं चारचौघांत ठणकावून सांगायचोही. आणि सोमवार उजाडला की तिच्या चपलांचा आवाज येईपर्यंत चहा गार करत बसायचो.

*

जूनमधल्या एका सोमवारी ती आली, पडवीच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "काका, माका वर्गात बसाक शिकूचा आसा."

"वर्गात? कसल्या?"

"बसवाल्या शाळेतल्या."

मी वाद घातला. घंटा वाजल्याशिवाय पाणी प्यायला मिळत नाही, म्हटलं. झाड असतं पण चढू देत नाहीत. मासे कोणी विचारत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण पोरांनी ठरवूचा, असा तुमीच म्हटल्यात ना?"

मी तरातरा बाबलकडे गेलो. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "मी कायएक बोलाक नाय, भाऊ. तिणाच ठरवल्यान."

ॲडमिशनला मीच घेऊन गेलो, स्कूटरवरून. त्या शाळेच्या हेडमास्तरांना मी एकेकाळी पहिल्या पानावर धुतलं होतं. त्यांनी जुनं काही काढलं नाही. चहा पाजला. त्याहून वाईट काय असतं!

शनिवारी दुपारी फाटक वाजलं. स्वरा. युनिफॉर्म, टाय, बूट. मी बाकावर पेपर वाचत होतो. ती त्या शाळेबद्दल काय काय सांगेल, त्यावरची सगळी उत्तरं आठवडाभर घोटून तयार ठेवली होती.

"काय, बाई? एका आठवड्यात काय शिकलीस तुझ्या त्या मोठ्या शाळेत?"

तिनं विचार केला.

"बाजूक बसाक."

"म्हणजे?"

"सरा वायच."

मी सरकलो.