निवळबाई

निवळबाई चहासुद्धा लगेच पीत नसत. टपरीवरून आलेला कप टेबलावर ठेवायचा, चोथा तळाला बसू द्यायचा, मग सावकाश वरचा चहा प्यायचा. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सांगाडे रंगवण्याआधी धुवायला फार शुद्ध पाणी लागतं. ते खातं बाईंकडे होतं. मी देखभालीला. त्यांचं खरं नाव सहीपुरतं उरलं होतं.

बोअरचं गढूळ पाणी आधी तुरटी घालून निवळायचं, मग वाळूतून गाळायचं, तेव्हा कुठे ते मेंब्रेनच्या महागड्या, नाजूक पडद्यांकडे सोडायचं, हा त्यांचा हट्ट. प्रॉडक्शनवाले फोनवर ओरडत, "मॅडम, सोडा की पाणी, लाइन थांबलीय राव!"

"गाळासकट सोडलं तर पडदे तुंबतील. मग बसा बोंबलत!" म्हणून बाई फोन आपटत. दोन ऑपरेटर भांडले, तर त्यांना दोन कोपऱ्यांत बसवून म्हणत, "आधी निवळा, मग बोला." बाई तशा तिरसटच. मला मात्र फार आवडायच्या, हे सांगून टाकतो.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी संतोषने, म्हणजे परभणीहून आलेल्या आमच्या कंत्राटी ऑपरेटरने, पूजेसाठी चकाचक दिसावी म्हणून पाण्याची टाकी ब्लिचिंग पावडरने घासली आणि नीट धुतलीच नाही. त्या पावडरीतला क्लोरीन म्हणजे मेंब्रेनला विष. हार घातले, नारळ फुटला, पंप सुरू झाला आणि पडदे कायमचे कामातून गेले.

साहेब लालबुंद झाले. "कोणी टाकली पावडर?" संतोषचं लग्न ठरलं होतं, पर्मनंट होण्याची आस होती. बाई म्हणाल्या, "मीच सांगितली होती टाकायला."

झालं. त्यांचा राजीनामा घेतला. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. डबा उचलून त्या कंपनीच्या बसने चऱ्होलीला घरी गेल्या.

तेव्हापासून ट्रेनिंगमध्ये नव्या लोकांना 'ब्लिचिंगवाल्या मॅडम'ची चूक शिकवतात. माझा जीव जळायचा, पण बाईंनी गप्प राहायची शपथ घातली होती. परवा त्याच वर्गात, पर्मनंट होण्याआधीच्या ट्रेनिंगला बसलेला संतोष मागच्या बाकावरून उठला. "साहेब, पावडर म्या टाकली होती. मॅडमचा काय बी दोष नव्हता."

मी बाहेर येऊन लगेच बाईंना फोन लावला. वाटलं, त्यांना भरून येईल.

"पर्मनंटची ऑर्डर हातात पडली का त्याच्या?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग आवरा ना त्या गाढवाला कुणीतरी!" बाई कडाडल्या.