मानमोडीच्या सालातलं माझं लग्न

तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न ठरलं होतं. मी इतकी हरखले होते की भात कापताना विळा कुठं चाललाय याकडंही लक्ष नसायचं. आमची घरं बाजारकुणंगजवळ रानात, सासर डोंगरापल्याड. नवऱ्याला मी एकदाच पाहिलं होतं, तेही लांबून, बैल धुताना.

त्याच सुमारास मानमोडीचा ताप आला. अंग मोडून यायचं, खोकला लागायचा आणि धडधाकट माणसं आडवी व्हायची. आगगाडीनं तो लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत आला आणि बैलगाड्यांबरोबर रानात शिरला.

माझा मामा तिकडंच सागवानाच्या गाड्या हाकायचा. लग्नाचं लुगडं तोच आणणार होता. एका सकाळी ओहोळापल्याडून त्याची हाक आली. मी धावत सुटले, तर त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"तिकडंच थांब. गाडीवाल्यांच्या छावणीत मानमोडी हाय. मला अजून काय न्हाई, पण आत शिरली असंल तर कुणाला ठाव."

अव्वा, म्हणजे माझी आई, रडायला लागली. "सख्खा भाऊ दाराशी आला, अन् घरात यायचा न्हाई?"

मामानं तिथूनच सगळं सांगितलं. छावणीत गाडीवाले एका छपराखाली खेटून झोपायचे, एकाच तांब्यानं पाणी प्यायचे. एक खोकू लागला की शेजारचा पडायचा, मग त्याच्या शेजारचा. बाहेर झाडाखाली वेगळे निजले त्यातले बरेच वाचले.

"खोकल्यासंगं उडतंय ते," तो म्हणाला. "तोंडावर फडकं धरा. दारं उघडी ठेवा. कुणाकडं गर्दी करू नका."

तो पल्याडच्या राखणीच्या खोपीत राहिला. अव्वा दगडावर पेज ठेवून मागं सरायची, मग तो येऊन घ्यायचा. लवकरच त्याला ताप भरला. तेव्हा एकटे अप्पा, माझे वडील, तोंडाला फडकं बांधून आत जायचे, आणि आल्यावर राख लावून हात धुवायचे. आम्ही काठावरून हाका मारायचो. मामाची ओ आली की जीव भांड्यात पडायचा. हिरवं, लाल काठाचं लुगडं त्यानं आधीच खोपीसमोर उन्हात पसरलं होतं. काळजी मामाची होती, पण नजर लुगड्यावर जायची, हे खरं.

मामाचा ताप उतरला आणि सासरे बोलणी करायला आले. उपरण्यानं नाक झाकून ते अंगणातच थांबले.

"लग्न पुढं ढकलायचं काय?" अप्पांनी विचारलं.

मी दाराशी सरकले.

"कशाला? उघड्यावर लावू, मोजक्या माणसांत. फकस्त एक हाय. आमच्यात म्हातारी माणसं, तान्ही लेकरं हायत. पोरीला काही दिस शेतातल्या खोपीत ठेवू."

"एकटीला?" अव्वानं विचारलं.

"एकटीला कशी? तिच्याजवळ उभा ऱ्हायलेला नवरा तरी घरात कसा घेऊ? तो बी खोपीतच."

दाराआड माझे कान तापले. आमच्याकडं नव्या नवरीला नवऱ्याशी धड बोलायलाही कितीतरी दिवस मिळत नसत.

कापलेल्या भाताच्या शेतात लग्न लागलं. मधे बांध, एकीकडं आमची माणसं, दुसरीकडं त्यांची. लांबून टाकलेल्या अक्षता वाऱ्यानं आमच्यापर्यंत पोचेनात, आणि भटजी मंत्र म्हणता म्हणता हसले. मामा बांधावर उभा होता, अजून अशक्त, पण उभा.

त्या साथीत आसपासची कितीतरी घरं रिकामी झाली. आमच्या दोन्ही घरांतलं कुणी गेलं नाही. त्यात नशीब किती आणि सावधपणा किती, मला सांगता येणार नाही.

खोपीत आम्ही दिवसभर बोलायचो. सासूबाई बांधावर भाकरी ठेवून, खोकला-ताप विचारून परत जायच्या. शेवटी एकदा त्यांनी हाक दिली, "आता या की घरात."

नवरा माझ्याकडं बघून बाहेर गेला आणि ओरडला, "आये, अजून थोडे दिस ऱ्हातो. जपलेलं बरं."