कॅमेऱ्याची उजवी बाजू

गप्पांत कुणी कॅमेऱ्याचा विषय काढला की माझी पंचाईत होते. गुलमंडीतल्या एका फोटो स्टुडिओत उभी हयात गेली, त्यामुळे किस्से अंगाला चिकटलेत. एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात.

परवा भाच्यानं विचारलं, "मामा, डिजिटल कॅमेरा जुना झाला की फोटो खराब येतात का?" मी म्हटलं, "सेन्सर सहसा थकत नाही. धूळ बसते, लेन्सला बुरशी धरते, आणि हातून पडला तर विचारूच नको." तिथंच थांबायला हवं होतं. पण युसूफचाचा आठवले.

चाचा स्टुडिओचे मालक. त्यांचा रोलचा कॅमेरा एका लग्नात जिन्यावरून पडला आणि तेव्हापासून प्रत्येक फोटोची उजवी बाजू धूसर येऊ लागली. विकून टाका, म्हणून मी त्यांच्या मागं लागलो. चाचा म्हणाले, "बेगम को मोतीबिंदू हुआ. तो क्या बेगम बदलूँ?"

मागच्या खोलीतून चाचींचा आवाज आला, "बदल के तो देखो!"

कॅमेरा राहिला.

*

तेव्हा वाळूजला कारखाने धडाधड निघत होते. गेटपासच्या फोटोंसाठी आमच्याकडं रांग लागायची. एक कामगार दोन वर्षांनी पुन्हा आला आणि फोटो बघून चिडला. "चाचा, कॅमेरा लई जुना झाला तुमचा. केस निम्मेच आलेत."

"शिफ्ट कौनसी है?"

"कायमची नाईट."

"फिर कंपनी से माँगो. कॅमेरे ने नहीं लिए."

*

सिल्लोडहून एक बाई लग्नाच्या मुलीचा फोटो काढायला आली. मुलीच्या गालांवर देवीचे वण. उजव्या बाजूची ख्याती बाईच्या कानावर गेली होती. "पोरीला उजवीकडंच बसवा," ती म्हणाली. मुलगी डावीकडं सरकली. आईनं परत उजवीकडं ढकललं. या ओढाताणीत चाचांनी बटण दाबलं. मुलगी मधोमध, अर्धा चेहरा लख्ख आणि अर्धा धूसर!

मुलाकडच्यांचा निरोप आला, "राहिलेली अर्धी बघायला येतो."

*

पुढं डिजिटल आला. चाचा खूश. पण वर्षभरात प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका दिसायला लागला. सेन्सरवर धूळ! एका बाळाच्या तर नेमका गालावर आला. चाचा माफी मागणार, तेवढ्यात बाळाची आजी म्हणाली, "तीट लावायची म्या इसरले होते. तुम्ही लावली, लई बरं झालं."

मी कॅमेरा साफ करायला घेतला, तर चाचा म्हणाले, "रहने दे."

*

चाचा आता नाहीत. फार आठवण येते त्यांची. आली की मला विद्यापीठाचं गेट दिसतं.

नामांतर झालं त्या दिवसांत गेटसमोर फोटो काढायला ही गर्दी. आम्ही तोच पडलेला कॅमेरा घेऊन उभे होतो. परभणीकडचे एक म्हातारे आले. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर जळालं होतं, आणि त्यांचा एकुलता एक फोटोही त्यात गेला होता. "आता काढायचा तर हितंच," ते म्हणाले.

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. चाचांनी त्यांना डावीकडं उभं केलं, निदान चेहरा तरी लख्ख यावा म्हणून. गेटवरची नव्या नावाची पाटी उजवीकडं येत होती. चाचांना राहवलं नाही. "बाबा, उस बाजू का धुंदला आता. नाम साफ नहीं आएगा."

म्हातारे सावकाश चालत दुसऱ्या बाजूला गेले. टोपी नीट केली.

"माझं तोंड गावाला ठाऊक हाय. नाव साफ येऊ द्या."