कोरड्यावरची बोट

बोट पाण्यातून ओढून दुरुस्तीच्या आवारात टेकूंवर उभी केली, तेव्हा काकूंना वाटलं होतं की तोवर कुठेतरी भाड्याची खोली मिळेल. कप्तानांनी ती आशा वाढूच दिली नाही. स्वतःचं घर असताना दुसऱ्याच्या छपराखाली कशाला, असं म्हणून त्यांनी बोटीला शिडी लावली आणि संसार होता तिथेच राहिला, फक्त आता जमिनीपासून दोन पुरुष उंच. चांगलं पाणी वर चढवायचं, खरकटं खाली उतरवायचं. कोणी, ते सांगायला नकोच.

कप्तान हे काही त्यांचं पद नव्हे. या बंदरातून त्या बंदरात कौलं-विटा वाहणारी एक लाकडी बोट, आणि तिचे मालक, चालक, खलाशी सगळे हेच. पण बारा गावचं पाणी प्यायलेला हा माणूस बोलू लागला की समोरचा आपोआप कप्तान म्हणे. लग्न झाल्यापासून काकू त्यांच्याबरोबर बोटीवर. मूलबाळ झालं नाही. बंदरं पुष्कळ पाहिली, म्हणजे धक्के पाहिले आणि माल उतरवायची घाई पाहिली. गाव असं कुठलंच पाहिलं नाही.

ते आता पाहू लागल्या. सुतारमेस्त्री कुजलेल्या फळ्या बदलत होते, आणि सकाळचं आवरलं की काकू शिडी उतरायच्या. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या लोहारापर्यंतच गेल्या, कारण जमीनच डुलतेय असं वाटत होतं. मग पायाला भिंगरी लागली. घड्याळजीच्या दुकानात प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, पायऱ्यांच्या गल्लीत कुणीतरी फुटक्या बादलीत टोमॅटो लावलेत, असं सगळं त्या संध्याकाळी सांगत बसायच्या. आता टेकडीपलीकडे काय आहे ते बघायचंय, असंही एकदा म्हणाल्या. दुरून डोंगर साजरे, म्हणून कप्तान कुशीवर वळले.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी गट्टी जमली. काकू दिसल्या की ती खुर्ची पुढे सरकवी आणि चहा टाकी. कोणी आपली वाट पाहतंय ही गोष्ट काकूंना इतकी आवडली की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. बोट पाण्यात गेली की हे सुटणार होतं. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

कप्तान बोटीभोवतीच घुटमळायचे. लाकडी बोट उन्हात राहिली की फळ्या आक्रसतात आणि मधल्या फटी उघडतात, म्हणून बाजूंना टांगलेली पोती सकाळ-संध्याकाळ भिजवायची, हे काम त्यांचं. काकूंना ताप आहे हे ते एकदा विसरले होते, पण हे पाणी कधी विसरले नव्हते.

एका दुपारी काकू परतल्या तर मेस्त्री कपाळाला हात लावून उभे. पलीकडच्या बाजूची पोती वाळून कडक झाली होती आणि फळ्यांच्या फटीत करंगळी जात होती. नवख्याने केलं असतं तर समजलो असतो, असं ते कप्तानांना सुनावत होते. आत्ता या फटींत कापूस ठोकून भरला तर पाण्यात लाकूड फुगून फळीच उखडेल. आधी बाजू भिजवून मुरू द्यायला हवी, तेव्हा ठरल्या भरतीला बोट पाण्यात जात नाही. "राहून गेलं," एवढंच कप्तान म्हणाले. मेस्त्री हात झटकून निघून गेले.

काकूंना पटेना. शिडीच्या बाजूची, म्हणजे त्यांच्या येण्याजाण्यातली पोती तर रोज ओली असायची.

"मुद्दाम केलंत?"

कप्तान हातातला दोर उगाच गुंडाळत राहिले. "टेकडीपलीकडचं बघायचं राहिलंय म्हणालीस ना."

"अहो, पण बोट चिरली असती तर?"

"बोट मी माझ्या मनाने घेतली. तुला विचारलं नव्हतं." ते काकूंकडे न बघता म्हणाले, "आता विचारतो. परत पाण्यावर जायचं का?"

काकू तिथेच फळकुटांच्या ढिगावर बसल्या. त्यांना रडू आलं आणि रागही आला. हाच प्रश्न तरुणपणी आला असता तर उत्तर जिभेवर तयार होतं. आता हो म्हणावं तर ती पुढे सरकवलेली खुर्ची डोळ्यांपुढून हलेना. नाही म्हणावं तर पाण्याबाहेर हा माणूस करणार काय? आणि नाही म्हटलं तर तो खरंच राहील, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं होतं. तेच सगळ्यात जड होतं.

"सांगेन," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "पण लगेच नाही. तुम्हाला विचारायला एवढी वर्षं लागली, मला सांगायला थोडे दिवस लागतील."

"बरं," कप्तान म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा बायकोच्या उत्तराची वाट पाहू लागले.