मागच्या बोळातली वाट

एका अनोळखी म्हाताऱ्याबद्दल मी बायकोशी खोटं बोललो, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

नवीन नाशिकमधल्या आमच्या वसाहतीत घरं पाठीला पाठ करून बांधलेली, मधे अरुंद बोळ. कुटुंबं वाढली तसा जो तो मागे सरकला. कुणी मोरी काढली, कुणी देवघर. तरी एक माणूस जाईल एवढी जागा उरली होती, आणि तेवढ्यातून तो म्हातारा जायचा. पलीकडच्या रांगेत त्याची आजारी लेक राहते. तिला रोज सकाळी पेज न्यायचा. गुडघे गेलेले, त्यामुळे एका हातात डबा आणि दुसरा आमच्या भिंतींवर टेकत टेकत. नाव मी कधी विचारलं नाही.

मग मीही स्वयंपाकघर मागे वाढवलं आणि बोळ बंद झाला. दुसऱ्या दिवशी तो ओल्या भिंतीपुढे थांबला.

"झालं का घर मोठं, भाऊ? बरं झालं. आता आपला फेरा बी मोठा झाला."

मी म्हणालो, "सगळ्यांनीच वाढवलंय, बाबा."

"तर! तुम्हीच कशाला मागं राहायचं?" म्हणत तो वळला.

बायकोनं विचारलं, "ते बाबा आता कुठून जातात हो?"

"लेक दुसरीकडे राहायला गेली त्यांची," मी सांगितलं.

तो मोठ्या रस्त्यानं जातो. कारखान्यांचे ट्रक थांबत नाहीत, टेकायला काही नाही. डबा छातीशी धरून कडेला उभा असतो. स्कूटरवरून जाताना मी हेल्मेटची काच खाली ओढतो.

भिंत अजून उभी आहे. बायकोला खरं सांगायचं आहे, आणि त्याची वाट मी त्याला देणं लागतो.