कोयत्यातली दुसरी

अक्काला काहीही विचारलं की ती आधी माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघायची आणि म्हणायची, "कागदाला सांगू का तुला?"

पहिल्यांदा मला ती चेष्टाच वाटली. मी म्हणाले, "कागदालाच सांगा."

"मग लिव, समदं बरं हाय." एवढं बोलून ती उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढून गेली. मी 'कामाबाबत समाधानी' यापुढे खूण केली आणि पान उलटलं. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मी भिंगारची. वडील लष्करी डेपोत कारकून, त्यामुळे ऊस पाहिला तो रसवंतीवर. पण पीएच.डी.ला विषय घेतला ऊसतोड कामगारांच्या कामाचा. अक्का जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याकडची. दरवर्षी नवऱ्याबरोबर तोडणीला राहुरीच्या बाजूला यायची, तिथल्याच एका उसाच्या फडात ती मला भेटली. पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ. टोळीतली तिच्याहून मोठी माणसंही तिला अक्काच म्हणायची.

चार दिवस मी बांधावर उभी राहून टिपणं काढली. पाचव्या दिवशी अक्काने वही काढून घेतली आणि उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, म्हणजे वाढ्यांचा, ढीग पुढे केला. "बांध पेंढ्या. उभ्यानं काय दिसतंय? वाकून बघ." तासाभरात माझी कंबर कामातून गेली आणि घसा कोरडा पडला. मी बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायले, तिलाही देऊ केलं. तिने मान हलवली.

"दुपारपतुर मी पानी पीत न्हाई."

"तहान नाही लागत?"

"लागती की. पन पानी पेल्यावर जायचं कुठं? आडोसा हाय का हितं?"

माझ्या फॉर्मवर 'पिण्याच्या पाण्याची सोय आहे का?' असा प्रश्न होता आणि पुढे 'होय'वर खूण होती. सोय होतीच, बांधावर ड्रम भरलेला होता. त्या दिवसापासून मी फॉर्म पिशवीत ठेवायला लागले.

तरी शहाणपण काही पुरतं आलं नव्हतं. हंगाम संपला, टोळ्या गावी गेल्या. मी आणखी वीसेक टोळ्यांची माहिती त्या टोळ्या आणणाऱ्या मुकादमांकडून फोनवर घेतली, तक्ते केले, प्रबंध टाइप झाला. सादर करायला आठ दिवस उरले होते. मुदत दोनदा वाढवून मिळालेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. माझ्या मार्गदर्शक बाईंची एक अट राहिली होती: जे लिहिलंय ते ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखव. एक उपचार उरकायचा म्हणून मी जामखेडची एसटी पकडली.

अक्काने चहा टाकला आणि चुलीपुढे बसून ऐकू लागली. मी तिच्याच टोळीपासून सुरुवात केली. "टोळीतील एकूण कामगार, बारा."

"कोन म्हनलं?"

"मुकादमच म्हणाले. बारा कोयते."

"आगं पोरी, कोयता म्हंजी जोडी! नवरा तोडनार, बायकू मोळ्या बांधनार, वाहनार. दोगं मिळून येक कोयता. बारा मानसं धरलीस, मग मी कुठं हाय ह्याच्यात?"

मी तक्ता पाहिला. ती कुठेच नव्हती. 'बायका संगं असत्यात' असं मुकादम म्हणाले होते आणि मी इमानदारीत लिहिलं होतं, 'कामगार कुटुंबासह स्थलांतर करतात.' सगळ्या टोळ्यांतल्या बाया मी एका वाक्यात पुसून टाकल्या होत्या. चाचरत म्हणाले, "मग सगळे आकडे दुप्पट करू?"

"आता गं! शांता येकलीच येती, तिचा आर्दा कोयता. सोपान आन् त्येचा भाऊ, दोगं मिळून येक. दुप्पट करून कसं जमंल? ज्येला त्येला इचारावं लागतंय."

"आठ दिवसांत वीस टोळ्या कुठे शोधू?"

मला रडूच फुटलं. अक्काने मला रडू दिलं, मग मोबाईल काढला. मुकादमांकडे पुरुषांचे नंबर होते, तिच्याकडे बायांचे; एकीकडून दुसरीचा मिळत गेला. तीन दिवस मी तिच्या ओसरीवर बसून होते. ती फोन लावायची, स्पीकर चालू करायची आणि दरडावायची, "कागदाला नगं सांगू, हिला सांग!" शेवटची टोळी लिहून झाली तेव्हा मी तिथेच आडवी झाले. छातीवरचा धोंडा उतरला होता. कित्येक महिन्यांनी मला पोटभर जेवण गेलं.

निघताना तिने विचारलं, "माजं नाव कुठं लिवलंस?"

मी समजावलं की नावं बदलावी लागतात, उद्या मुकादमाने डूख धरायला नको.

"म्हंजी आकड्यात आले आन् नावातनं गेले," ती म्हणाली.

मी पिशवी खांद्याला लावली. तेव्हा तीच म्हणाली, "बदलायचंच हाय ना? मग माजं माहेरचं घाल. लगनात बदललं, तवापासनं त्या नावानं कुनी हाक मारली न्हाई. हितं कुनाला ठावं पन न्हाई." आणि तिने नाव सांगितलं. वहीत नीट उतरलं की नाही ते माझ्याकडून वाचून घेतलं.

प्रबंध मंजूर झाला. त्यातली बाकी सगळी नावं मी मनाने घातलेली आहेत, तेवढं एक खरं आहे. निकाल कळल्यावर मी तिला फोन केला आणि ते पान वाचून दाखवलं. नावापाशी आल्यावर ती म्हणाली, "थांब. तेवढंच पुन्यांदा वाच."